कंपनी फिटिंग

कळवण, जि. नाशिक
मार्गशीर्ष

ती. स्व. ताईस,


मी केलेल्या छोट्या गाडीचा फोटो पाहून तू फोन केलास. आधी भरभरून कौतुक केलंस, मग जरा थांबून म्हणालीस, "पण ही आपली कुठाय रे?" त्यावर मला धड बोलता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तरं सुचत गेली आणि ती फोनवर सांगण्याजोगी नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुझं लग्न झालं तेव्हा पहिली दोन वर्षं तुला आंतर्देशीय पाठवायचो, त्यानंतर हेच.

तुझं खरं आहे. टपावर कॅरियर नाही. मागच्या डाव्या मडगार्डला चेंब नाही. काचेवर सप्तशृंगीमातेचा फोटो नाही, आणि रंगही पांढरा नाही. आपल्या दारात सोळा वर्षं उभी होती ती ही गाडी नव्हेच. ही त्याच गाडीची, आपल्यापैकी कुणीच न पाहिलेली अवस्था आहे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या फाटकातून ती बाहेर पडली, त्या दिवशीची.

तू घरी होतीस, म्हणून मालेगावचं सांगतो. नाना गाडी बघायला गेले ते १९७७ साल, मी अकरा वर्षांचा, त्यांचं बोट धरून. दलालाने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "कंपनी फिटिंग शे." इंजिन खोललेलं नाही, पत्र्याला कुणाचा हात लागलेला नाही, जशी कंपनीतून निघाली तशी आहे. नाना तीन वेळा गाडीभोवती फिरले, खाली वाकून पाहिलं, दार उघडून लावलं. परत येताना मी मागच्या सीटवर गुडघे टेकून मागची काच बघत बसलो होतो आणि ते दोन शब्द मनात घोळवत होतो. कंपनी फिटिंग. म्हणजे जगात याहून अस्सल काही नाही, असं मला वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा हातांना काम हवं होतं. चित्रकलेचा मास्तर, पस्तीस वर्षं फळ्यावर दुसऱ्यांसाठी रेघा ओढल्या. मनात ठरवलं की आपली फियाट करायची, एकास चोवीस प्रमाणात, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. तळहातावर मावेल, पण दाराची कडी डोळ्यांना दिसेल, एवढी. घरातले सगळे फोटो काढले. तुझ्या लग्नातले, सत्यनारायणाचे, गडावरचे. एकूण सात फोटोंत गाडी आहे आणि एकाही फोटोत ती पुरती दिसत नाही. गाडीचा फोटो कुणी काढत नाही ना, गाडीपुढे उभ्या राहिलेल्या माणसांचा काढतात. कुठे आत्याच्या शालूमागे हेडलाइट, कुठे काकांच्या खांद्याआड टप. एवढ्यावर मॉडेल होत नाही. खरी गाडी हवी होती, हात लावून मापायला.

ती मिळाली बागलाणात, एका मळ्यातल्या शेडमध्ये. घरच्यांनी नाव लिहू नको म्हणून सांगितलं आहे, त्यांना बघ्यांचा त्रास नको. आजोबांनी नवी घेतलेली फियाट ११०० डिलाइट, घेतली तेव्हापासून एकाच घरात, आणि गेली वीस वर्षं विटांवर चढवून ताडपत्रीखाली. टपावर कोंबड्या बसत होत्या. मी दोन दिवस तिथे राहिलो. ओळंबा, गुण्या, टेप आणि पुठ्ठ्याचे तुकडे. टपाच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून पत्रा किती आत, किती बाहेर, ते दर चार बोटांवर लिहून घ्यायचं. मग त्या मापांवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, पत्र्याला लावून बघायचा, उजेड कुठून येतो तिथे परत कापायचा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर २३४० मिलिमीटर, पुस्तकात दिलंय तेवढंच भरलं. रुंदी १४६० मिलिमीटर. म्हणजे माझ्या हातातली गाडी सहा सेंटिमीटरहून किंचित रुंद, आणि चाकापासून चाक साडेसत्त्याण्णव मिलिमीटरवर.

पण मला तुला सांगायचं आहे ते या मापांचं नव्हे. पहिल्या दिवशी ताडपत्री पुढून ओढली आणि मला ती गाडी ओळखूच आली नाही. तोंडच वेगळं. मी त्या घरच्या मुलाला विचारलं, "ही जाळी कधी बदलली?" तो म्हणाला, "बदलली नाही काका. पहिल्यापासून हीच आहे."

ताई, बदललेली होती ती आपली. आपल्या गाडीचं तोंड पद्मिनीचं होतं. आपण घ्यायच्या आधी कुणीतरी ती पुढून ठोकली असणार, आणि बाजारात मिळाली ती जाळी बसवून दिली असणार. मालेगावात नाना तीनदा फिरले, पण त्यांनी आधी डिलाइट जवळून पाहिलेलीच नव्हती, मग त्यांना कसं कळावं? मला राग आला नाही. इतकं मात्र वाटलं की ज्या चेहऱ्याला आपण सोळा वर्षं हळदीकुंकू लावलं, त्या चेहऱ्यामागे आणखी एक चेहरा होता आणि त्याच्याकडे आपण एकदाही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी परत येताना ठरलं. आपली गाडी नंतर. आधी ही.

मग मी वाचायला लागलो. फियाटने ही गाडी, मूळची ११००/१०३, १९५३ साली इटलीत काढली. दांते जाकोसा हा त्यांचा मुख्य अभियंता. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं कवचच सगळा भार घेतं, इंजिन, चाकं, माणसं, सगळं त्यालाच लटकलेलं. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा आणि वर बॉडी असे दोन वेगळे भाग असायचे. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. बंगळुरूचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी ज्यांनी उभी केली, तेच हे. कुर्ल्याला आधी अमेरिकी गाड्या जोडल्या जायच्या. ११०० तिथे १९५४ पासून बनू लागली आणि वालचंद त्याच्या आधीच्या वर्षी गेले, त्यांनी ती पाहिली नाही. १९६४ मध्ये डिलाइट आली. आधीच्या गाडीची पुढची दारं मागून बिजागरीवर होती, उलटी उघडायची. डिलाइटची सरळ झाली. मागे दोन्ही बाजूंना छोटे पंख. १९७० च्या दशकात नाव बदललं, आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. गावात मात्र सगळे आपल्या गाडीला डुक्कर फियाटच म्हणायचे आणि तू चिडायचीस.

तो कारखाना आता नाही. त्या जागेवर इमारती उभ्या आहेत, रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड उरलंय. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या संपल्या, तेव्हा बातमी तूच मला पाठवली होतीस. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. त्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं ते टॅक्सीवाल्यांबद्दल, प्रवाशांबद्दल, सिनेमाबद्दल. लिहायलाच हवं होतं. पण ज्या माणसाने कुर्ल्याला उभं राहून त्या टपाचा पत्रा जुळवला, मागच्या पंखाची कड हाताने घासून बिनचूक केली, त्याच्याबद्दल मी कुठे वाचलं नाही. त्याचं काम गाडी फाटकाबाहेर पडली की संपायचं, आणि त्याच क्षणापासून त्यावर आपलं काम सुरू व्हायचं. कॅरियर, गोंडे, हॉर्न, नवा रंग. त्याची गाडी आपल्या गाडीखाली गेली. मला ती एकदा वर काढायची होती.

आता आपण काय काय केलं होतं ते बघ. शेडमधल्या गाडीजवळ बसून मी यादी केली. मागचे कमानपाटे नानांनी मिस्त्रीकडून वाढवून घेतले होते, डिकीत कांद्याच्या गोणी टाकायला. म्हणून आपली गाडी मागून उचललेली दिसायची आणि मला वाटायचं की फियाट अशीच असते, उडी मारायच्या तयारीत. नाही. ती सरळ उभी असते, मागच्या चाकाचा वरचा भाग मडगार्डात थोडा झाकलेला, शांत. टायर मूळचे ५.२०-१४ मापाचे, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच रुंद. मॉडेलमध्ये साडेपाच मिलिमीटर. आजच्या डोळ्यांना ते सायकलचे वाटतात. माझा पहिला जोड मी नकळत जाड केला होता, फर्मा लावल्यावर कळलं. नानांनी मळ्याच्या चिखलासाठी जाड टायर टाकले होते, तेच माझ्या हातात बसले होते.

आणि रंग. १९९३ ला भंगारवाला गाडी घेऊन गेला तेव्हा आईने डिकीचं झाकण काढून ठेवलं होतं, आठवतंय? हौदावर टाकायला. ते अजून तिथेच आहे. मी ते उतरवलं आणि आतल्या कडेला, रबर बसायचं तिथे, अंगठ्याएवढी जागा वॉटर पेपरने पाण्यात घासली. आपला पांढरा गेला, खाली मरून निघाला. मरून कुणाचा? ज्याच्याकडून दलालाने घेतली त्याचा असेल. मरून गेला आणि खाली निळसर राखाडी आला, पावसाळ्यात दुपारी धोडपच्या बाजूला आभाळ असतं तसा. त्याच्याखाली प्रायमर, मग पत्रा. मी घासणं थांबवलं. चार गोल, एकात एक. शेडमधल्या गाडीचा रंगही राखाडीच, पण आपला जास्त निळा. तो मी मॉडेलला दिलाय. फोटोत तुला परका वाटला तो रंग आपल्या गाडीचा पहिला आहे.

दुकानात जाऊन तोच रंग हुबेहूब मिळवून लावला असता तर मात्र चुकलं असतं. छोट्या वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. मोठी गाडी आपण दहा-वीस फुटांवरून बघतो, मध्ये हवा आणि उजेड असतो. म्हणून थोडा पांढरा मिसळावा लागला. किती ते माप नाही, डोळ्याने. डिकीचं झाकण अंगणात भिंतीला टेकवलं, मॉडेलचा नमुना हातात धरला आणि मागे मागे सरकत गेलो, दोन्ही एक दिसेपर्यंत.

करायला वर्ष लागलं आणि त्यातलं निम्मं चुकांत गेलं, पण मला त्या सांगायला आवडतील. आधी लाकडाची एक गाडी कोरायची, तीच मूळ. बांधावरचा पांगारा पडला होता. हलकं, मऊ लाकूड, पटाशीखाली लोण्यासारखं. पश्चिमेकडच्या पाड्यांवर बोहाड्याची सोंगं अशाच हलक्या लाकडाची करतात, ते लहानपणी पाहिलेलं. पण गाडीचा पत्रा गुळगुळीत हवा आणि पांगाऱ्याचे तंतू मोकळे. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून सात हात दिले, त्यावर लांबी, मग घासणं, परत लांबी. दाराच्या फटी शेवटी. खऱ्या गाडीची फट पाच मिलिमीटर धरली तर मॉडेलमध्ये एक पंचमांश मिलिमीटर होते. हॅक्सॉचं पातं मोडून त्याच्या टोकाने पोलादी पट्टीला लावून ओढली. हात एकदा घसरला की लांबी भरा, वाळू द्या, पुन्हा ओढा. उजव्या मागच्या दाराची फट मी नऊ वेळा ओढली.

मग साचा, सिलिकॉन रबराचा. प्लायचा डबा, त्यात लाकडी गाडी उलटी. रबर किती लागेल ते कळावं म्हणून मी डब्यात नागली ओतली आणि मग ती मापाने मोजली. नागलीचा दाणा बारीक, कानाकोपऱ्यात जातो. रबर महाग आहे, कमी पडलं तर सगळं वाया. हार्डनर मिसळून धार दोऱ्यासारखी बारीक, हात उंच, आणि डब्याच्या एकाच कोपऱ्यात. रबर तिथून आपणहून पसरत गाडीवर चढतं आणि हवेचे बुडबुडे धारेतच फुटतात. आई जिलेबीचा पाक बघायची तशी ती धार मी बघत होतो. गाडी पोकळ हवी म्हणून आतला गाभा वेगळा, त्याचा दुसरा साचा. बाहेरचा आणि आतला यांच्यात दोन मिलिमीटरची फट, तिथे रेझिन जायचं.

पहिला नग मी आषाढात ओतला. घाई झाली. या रेझिनच्या दोन बाटल्या असतात, समान घेऊन मिसळायच्या, मग तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात ओतून झालं पाहिजे. पातळ, मधासारखं पिवळसर, आणि बघता बघता साच्यातच गरम होऊन पांढरं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण बाहेर गिरणेला पाणी, चणकापूर धरणातून सोडलेलं, भिंती ओल्या. या दोनपैकी एका द्रवाला पाण्याचं वेड असतं. हवेतला ओलावाही तो ओढून घेतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं फसफसतं. साचा उघडला तर गाडी फुगलेली, टपाला जाळी पडलेली, बोटाने दाबली तर चुरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी बाटल्या बंद डब्यात तांदळाच्या पुरचुंड्यांबरोबर ठेवल्या, तरी तेच. मग सगळं गुंडाळून ठेवलं आणि चार महिने थांबलो. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, लाल कांदा बाजारात यायला लागला, तेव्हा नव्या बाटल्या आणल्या आणि ओतलं. टप, दोन्ही पंख, मागच्या काचेची चौकट, सगळं आलं. पुढच्या काचेचा डावा खांब तेवढा अपुरा, टोकाशी हवा अडकलेली. साच्यात तिथे सुईने एक वाट काढली, हवा निघायला. पुढचा नग निर्दोष आला. पहाटेचे चार वाजले होते. मी अंगणात जाऊन उभा राहिलो, कुणाला उठवावं कळेना.

एक गोष्ट मला शिकवावी लागली नाही, ती हातानेच शिकलो. रेझिन दोन मिलिमीटर जाड म्हणजे चोवीसपट केल्यावर जवळजवळ दोन इंचांची भिंत. पत्रा असा दिसत नाही. म्हणून चाकांच्या कमानी, खिडक्यांच्या कडा, बॉनेटचं तोंड, सगळं आतून घासून कागदाएवढं करायचं. बाहेरून काही बदलत नाही, कड पाहिली की मात्र डोळा म्हणतो, पत्रा आहे. हे घासताना नाकातोंडाला मास्क आणि पेपर सतत पाण्यात, ही धूळ छातीला वाईट.

काचा पारदर्शक पत्र्याच्या, हेडलाइटची भिंगं स्वच्छ इपॉक्सीच्या एकेका थेंबाची. बंपरला चॉकलेटच्या आतली पातळ चंदेरी पन्नी, कापसाच्या बोळ्याने दाबत दाबत. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पुढे अखंड एक सीट, ज्यावर तू, आई आणि मांडीवर मी असे बसायचो. दारांतल्या त्या छोट्या तिकोनी काचा, वारा वळवायच्या, त्याही वेगळ्या केल्या. नंबरप्लेट काळी आणि कोरी आहे. तू विचारलंस ना, आपला नंबर का नाही घातला? कारखान्यातून निघाली त्या दिवशी तिला नंबर नव्हता. ती अजून कुणाची नव्हती.

तू तुझ्या नातवाला घेऊन कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला जातेस, भाऊ जोशींनी उभारलेलं, १९९८ पासूनचं. तू मला एकदा म्हणाली होतीस की तिथे गाड्या धावायला लागल्या की मोठी माणसंच आधी पुढे वाकतात. माझ्या या गाडीचंही तसंच आहे. आणि माहीत आहे का, जगभर पुष्कळ चालणारं छोट्या मोटारींचं माप, एकास त्रेचाळीस, ते रेल्वेच्या मॉडेलांतूनच आलंय, एका फुटाला सात मिलिमीटर या हिशेबाने. रुळांशेजारी ठेवायला मोटारी हव्या होत्या म्हणून.

आता हौदाचं आणि त्या चेंबेचं. १९७९ चा उन्हाळा, तू अठरा वर्षांची. नाना तुला गिरणेच्या कोरड्या पात्रात गाडी शिकवायचे, पहाटे, गाव जागं व्हायच्या आत. मुलीच्या जातीला गाडी कशाला, असं म्हणणारे घरातही होते. मी मागच्या सीटवर. महिन्याभराने तू एकटीने अंगणात रिव्हर्स घेतलीस आणि डावं मडगार्ड हौदाच्या कोपऱ्यावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होतीस. नाना ओटीवरून उतरले, वाकून चेंबेवर हात फिरवला आणि म्हणाले, "चला. आता गाडी आपली झाली." डेंटरकडे नेली नाही ती नाहीच. दोनदा रंग दिला तेव्हाही रंगाऱ्याला बजावलं, तिथे लांबी भरायची नाही.

म्हणून मी ती चेंब केली नाही, ताई. मला येते करायला. पण माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही, आणि मी मागच्या सीटवर होतो, मी ती आतून ऐकली. पुढे पाच वर्षं रोज ती गाडी पुसायचीस तू. तुझ्या हाताला तिचं माप असेल.

रबराचा साचा वीस-पंचवीस नग देतो, मग कडा फाटायला लागतात. मी आणखी एक नग ओतलाय. तो उद्या एसटीच्या पार्सलने पाठवतोय, स्टँडवर उतरवून घ्यायला कुणालातरी सांग. रंग दिलेला नाही, सगळी पांढरी आहे. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धू, साच्याचा तेलकटपणा असतो. मग चारशेचा पेपर, मग आठशेचा, दोन्ही पाण्यात. सोबत कॅरियरसाठी तांब्याची तार ठेवलीय, आणि जाळ्या दोन आहेत, डिलाइटची आणि पद्मिनीची. हवी ती लाव. मागचे पाटे उंच करायला दोन चकत्याही आहेत.

मागच्या डाव्या मडगार्डचा भाग मी आतून घासून निम्म्याहून पातळ केलाय. रेझिन गरम पाण्यात मऊ पडतं. पाणी उकळतं नको, बोट क्षणभर ठेवता येईल एवढंच. त्यात गाडीचा मागचा कोपरा मिनिटभर बुडव, काढ आणि अंगठ्याने दाब. सावकाश. मनासारखी चेंब आली की दाब न सोडता गार पाण्यात धर. आली नाही तर परत गरम पाण्यात घाल, पत्रा बराचसा पूर्वीसारखा होतो, पुन्हा करता येतं.

झाली की फोटो पाठव. उजेड डावीकडून येऊ दे, म्हणजे खोली दिसेल.

तुझा
धाकटा